बारकी गाडी आणि बाबांची बीट

रोज रात्री पावणेनऊच्या सुमारास बाबांचा फोन वाजतो. साधा बटणांचा फोन, पण आवाज असा की गोठ्यातली गाय दचकते. पलीकडे माझा पुतण्या असतो, राजस्थानातल्या बाडमेरहून. दोन वर्षांपूर्वी तो रेल्वेत ट्रॅक मेंटेनर म्हणून लागला आणि त्याला मिळाली बाडमेर ते मुनाबाव ही लाईन, थेट पाकिस्तानच्या हद्दीपर्यंत जाणारी. त्याची आई विचारते जेवला का, त्याचा बाप विचारतो पगार झाला का. बाबांचा प्रश्न रोज एकच.

"आज कोठवर गेलता?"

पुतण्या किलोमीटरचा नंबर सांगतो. रामसर, गागरिया, गडरा रोड ही गावं बाबांनी आयुष्यात पाहिलेली नाहीत. तरी ते "हूं" म्हणतात, जणू कालच तिथून चालून आलेत. मग पुढचा प्रश्न, "एकटाच होता का जोडीदार होता?" आणि त्यानंतर दोघांचं जे सुरू होतं ते घरातल्या बाकी कोणाला कळत नाही. मला थोडं कळतं, कारण मी चाबीवाल्याचा मुलगा आहे, म्हणजे रुळाच्या लोखंडी चाब्या ठोकत लाईनीवर रोज फिरणाऱ्या रेल्वेच्या माणसाचा.

दारव्हा आणि लाडखेडच्या मधे आमचं गाव. घरामागे दोन वावरं ओलांडली की मूर्तिजापूर-यवतमाळची अरुंद रुळांची लाईन. पेपरवाले तिला शकुंतला म्हणतात, आता आम्हीही पाहुण्यांसमोर तसंच म्हणतो. पण लहानपणी घरात हे नाव मी ऐकलेलं नाही. माय तिला 'बारकी गाडी' म्हणायची, कारण मोठी गाडी मूर्तिजापूरला. बाबा नुसतं 'लाईन' म्हणायचे. गाडी ड्रायव्हरची, लाईन आपली, असा त्यांचा हिशोब. नाव कोणावरून पडलं याच्या चार वेगवेगळ्या कथा मला चार जणांनी शपथेवर सांगितल्यात, तेव्हा तो विषय सोडून देतो.

गेल्या महिन्यात फोनवर पुतण्या म्हणाला, "आबाजी, आज रूळच सापडेना."

बाबांना वाटलं पोट्टं मस्करी करून राह्यलं. मग त्यानं सांगितलं. मे-जून महिन्यात तिकडं नैऋत्येकडून वारा सुटतो. आंधी आली की तासाभरात रुळावर वाळूचा ढिगारा. जिथं लाईन उंच भरावावर आहे तिथं वारा वाळू उडवून पलीकडे नेतो, पण जिथं टेकडी कापून लाईन काढली आहे तिथं ती आत येऊन बसते आणि निघत नाही. मग फावडी घ्यायची, आधी रुळाची आतली बाजू मोकळी करायची कारण चाकाची कड आतून चालते, मग बाहेरची. गाडी जाऊन परत येईपर्यंत पुन्हा तेवढीच. लाईनीच्या बाजूनं झाडं आणि गवत लावून वाळू थोपवायचं काम तिकडं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, जोधपूरला वाळवंटाचा अभ्यास करणारी काझरी नावाची संस्था १९५९ पासून आहे. पण झाडाला वाढायला वेळ लागतो आणि आंधीला यायला लागत नाही.

"अन् गिट्टी?" बाबांनी विचारलं.

"गिट्टीत वाळू भरते न, मंग ते सिमिटावानी घट्ट होते. दबतच नाई."

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुयं बरं हाय बाप्पा. तुह्या अठी वाळू रुळावर येते. आपल्या अठी रूळच मातीत जाते."

एवढं बोलून ते असे हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या मते आमच्या लाईनीबद्दल आजवर जे काही छापून आलं त्यात हे एक वाक्य नव्हतं, आणि तेच तर मुख्य आहे.

काळी माती कशी वागते हे कास्तकाराला सांगायला नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, इतक्या की वासराचा पाय अडकावा. पहिल्या पावसात ती फुगते. दुसऱ्या पावसात पायाला धरते. या मातीत कापूस सोन्यासारखा येतो, कारण ती पाणी धरून ठेवते. आणि ज्या कारणासाठी ती कापसाला चांगली, त्याच कारणासाठी ती रेल्वेला वाईट. तिच्यावर लोखंड ठेवा, वरून गाडी न्या, पाणी पडू द्या. गिट्टी खाली जाते, चिखल वर येतो. गाडीचं चाक रुळांच्या जॉइंटवरून गेलं की रुळाखालच्या आडव्या स्लीपरखालून चिखलाची पिचकारी उडते, ती मी स्वतः अंगावर घेतलेली आहे, शाळेच्या पांढऱ्या शर्टावर. अशा जागी पावसाळ्यात लाईनीवरच्या मजुरांची गँग दिवसभर उभी असायची. सब्बल घालून रूळ उचलायचा, स्लीपरखाली गिट्टी कोंबायची, बीटर मारून ती ठोकायची. याला पॅकिंग म्हणतात. आज केलेलं पॅकिंग पुढच्या झडीपर्यंत टिकलं तर मुकादम खूष.

आणि ही लाईन याच मातीत टाकण्याचं कारणही कापूसच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ मध्ये, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता. मुंबईहून निघालेली जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि खामगाव, अमरावती ही कापसाची गावं लगेच फाट्यांनी जोडली गेली. पण दारव्हा, कारंजा, यवतमाळ एका अंगाला आणि दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर दुसऱ्या अंगाला तशीच राहिली. तिथला कापूस बैलबंडीनं मोठ्या लाईनीपर्यंत जायचा. काळ्या मातीच्या वाटेनं भरलेली बंडी कशी जाते हे ज्यानं हाकलीय त्याला विचारा.

मग १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली. तिचा कारभार किलिक निक्सन पाहायची, ही मुंबईत १८५७ साली सुरू झालेली एजन्सी. मधे मूर्तिजापूर, खाली यवतमाळ ११३ किलोमीटर, वर अचलपूर ७६ किलोमीटर. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनीचं १६७६ मिलिमीटर. अडीच फुटीला रूळ हलके चालतात, वळणं जास्त बाकदार घेता येतात, जमीन कमी लागते, पूल बारके पुरतात. म्हणजे पैसा कमी. स्वस्तात काम झालं, पण फटका मूर्तिजापूरला बसायचा. बारक्या गाडीतून आलेली रुईची गठाण तिथं हमालांनी पाठीवर घ्यायची आणि मोठ्या गाडीच्या डब्यात टाकायची. गठाण म्हणजे १७० किलो. दोघं-चौघं मिळून ती कशी ढकलत, आकड्यानं कशी ओढत, याच्या गोष्टी आमच्या गावात एक म्हातारा सांगायचा, त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता.

दारव्ह्याहून पुसदलाही एक फाटा होता. दारव्हा मोतीबाग हे जंक्शन त्यामुळेच. पुसदचे रूळ लढाईच्या काळात उपटून नेले, असं आमचे आजोबा सांगायचे. आज तिकडच्या वावरात नांगराला कधी एखादा लोखंडी तुकडा लागतो आणि पोरं तो भंगारात घालतात. भंगाराचं पुढं येईलच.

मधे ते व्हॉट्सअ‍ॅपचं सांगून टाकतो, कारण दर सहा महिन्यांनी कोणीतरी मला ते पाठवतं: "भारतातली एकमेव रेल्वे जी आजही इंग्रजांच्या मालकीची आहे, आपण अजून त्यांना भाडं देतो!" खाली तिरंगा आणि चार रागीट चेहरे. यातला खरा भाग असा की लाईन कंपनीची आणि चालवणारा दुसरा, अशीच मूळची व्यवस्था होती. कंपनीनं रूळ टाकले, जीआयपीनं करारावर गाड्या चालवल्या, कमाईतला वाटा कंपनीला. जीआयपीचा कारभार सरकारनं १९२५ मध्ये आपल्याकडे घेतला आणि १९५१ मध्ये त्यातून मध्य रेल्वे झाली. पण ही लाईन जीआयपीची नव्हतीच, त्यामुळे ती कंपनीच्या नावावर राहिली आणि करार पुढं चालत राहिला. इथवर बरोबर. पण ती एजन्सी स्वातंत्र्यानंतर भारतीय धंदेवाल्यांच्या हातात आली. लंडनच्या राजवाड्यात कारंज्याच्या तिकिटाचे पैसे जात नव्हते. हे मी दोनदा ग्रुपवर लिहिलं. दोन्ही वेळा खाली कोणीतरी पुन्हा तोच मेसेज टाकला.

सिग्नलवर 'लिव्हरपूल १८९५' लिहिलेलं आहे हेही प्रत्येक बातमीत असतं. मला त्यात गंमत ही वाटते की कंपनीच १९१० ची. म्हणजे सिग्नल लाईनीपेक्षा वयानं मोठा.

आता चाबीचं.

बाबांच्या बीटमधले, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या लाईनीवरचे, बरेचसे स्लीपर लोखंडी होते, उलट्या घमेल्यासारखे आतून पोकळ. त्यावर रूळ बसवायचा तर दोन्ही बाजूंनी लोखंडाचेच कान, आणि कान व रूळ यांच्या फटीत ठोकलेली पाचर. ती चाबी. हाताच्या पंज्याएवढी, एका टोकाला जरा निमुळती. गाडी गेली की थरथरीनं ती हळूहळू सुटत जाते. ती पाहून परत ठोकणारा तो चाबीवाला. बाबा सकाळी उठून हातोडा, पाना, लाल-हिरव्या झेंड्या आणि डब्यात फटाके घेऊन निघायचे. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पुढं रूळ तुटलेला दिसला तर ते रुळावर बांधून ठेवायचे, इंजिन वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर थांबतो. जाताना एका रुळाकडे पाहत जायचं, येताना दुसऱ्या. घट्ट चाबीवर हातोडा पडला की 'टण्' वाजतं आणि हातोडा उडतो. ढिल्या चाबीवर 'खट्' होतं, हातोडा तिथंच बसतो. मी सुटीत बरोबर जायचो तेव्हा बाबा बोलत चालायचे, वावरातल्या माणसाला हाक मारायचे, पऱ्हाटीवरची बोंडअळी पाहायचे, आणि मधेच बोलता बोलता चार पावलं मागं यायचे. त्यांना 'खट्' ऐकू आलेलं असायचं. मला काहीच फरक कळत नसे.

थंडीत आणखी एक काम. जॉइंटच्या फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, उघडून तेल लावायचं, कारण उन्हाळ्यात रूळ लांब होतो आणि त्याला सरकायला जागा पाहिजे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. फट नसली, तेल नसलं, तर रूळ जायचा कुठं? तो बाजूला फुगतो, सापासारखा. बाबा हिवाळ्यातल्या त्या तेलाला 'उन्हाळ्याची तयारी' म्हणायचे आणि माय त्याच आठवड्यात मूग वड्या घालायची, तीही उन्हाळ्याची तयारी.

साल १९८२, मी दहा वर्षांचा. गावात सायकलवर एक भंगारवाला यायचा, मागं बर्फाच्या गोळ्याची पेटीही. एका हातानं भंगार घ्यायचा, दुसऱ्यानं गोळा द्यायचा, असा त्याचा एकाच सायकलवर दोन दुकानांचा धंदा. माझ्याकडे पैसे नव्हते. लाईनीवर चाब्या होत्या. मी एक ढिली चाबी दगडानं ठोकून काढली. ढिली शोधायला मला अर्धा तास लागला, कारण बाबा सकाळीच फिरून गेले होते. आठ आणे मिळाले. लाल गोळा, वर काळं मीठ.

संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले, भाकर खाल्ली. मला काही म्हणाले नाहीत. मग कंदील घेतला आणि कोनाड्यातून एक जुनी चाबी काढून पुन्हा लाईनीकडे निघाले. जाताना मायला म्हणाले, "पिंपळाच्या मोरीपाशी एक सुटली हाय, झाडून पाह्यलं, भेटली नाई." माझ्या पोटात गोळा आला, तो दुसरा. मी त्यांच्या मागं पळालो आणि अर्ध्या धुऱ्यावर सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता कानाखाली बसते. त्यांनी कंदील माझ्या हातात दिला. तिथं पोचल्यावर मला उजेड धरायला लावलं आणि स्लीपर दाखवला. आजूबाजूच्या दोन चाब्यांवर हातोडा मारला. "आता आयक. एकीचा भार या दोघींवर गेला." आणि खरंच, तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज वेगळा ऐकू आला. का भीतीनं ऐकू आला, देव जाणे. मग चाबी बसवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला मुख्य रस्त्यावर गाठून आठ आण्यांत माझी चाबी परत आणली. तो बारा आणे मागत होता म्हणे.

मार पडला तो मायकडून, तोही चाबीसाठी नव्हे. बर्फाच्या पाण्यानं घसा धरला म्हणून.

बारक्या गाडीबद्दल लोक जे विनोद करतात ते सगळे मला पाठ आहेत. माणूस उतरतो, शेंगा तोडतो, पळत जाऊन परत चढतो. म्हातारी म्हणते घाई आहे म्हणून चालत जाते. सगळे मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत आपापल्या गावच्या नावानं सांगतात. गाडी हळू होती हे खरंच. पण हळू चालवली म्हणूनच ती रुळावरून पडली नाही, हे विनोद सांगणारा सांगत नाही. मऊ जागेवर वेग कमी ठेवायचा असा हुकूम असायचा आणि अशा जागा दरवर्षी वाढत गेल्या.

१९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. त्या आधीच्या कोळशाच्या दिवसांत उन्हाळ्याचं एक वेगळं काम होतं: लाईनीकडचं वाळलं गवत कापून ठेवणं, कारण इंजिनाच्या ठिणगीनं कोणाचा कडबा पेटला तर पहिली शिवी गँगला. डिझेल आल्यावर तो जाच गेला. बाबांना डिझेलचा एकच राग. वाफेचं इंजिन लांबून ओरडत, धापा टाकत यायचं. लाईनीवर वाकलेल्या माणसाला ते पाठीनं कळायचं. डिझेल त्या मानानं गुपचूप येतं.

शेवटच्या काळात माणसं फार कमी उरली. पूर्ण लाईनीवर एकच गाडी, म्हणून समोरून दुसरी यायची भीती नाही, म्हणून क्रॉसिंग नाही, म्हणून बऱ्याच स्टेशनांवर मास्तरही नाही. तिकीट गार्ड द्यायचा. फाटकापाशी गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. शहरातून आलेले लोक याचे फोटो काढायचे. आमच्याकडे त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, बैलबंडीच्या धुरकऱ्यालाही खाटी उघडायला उतरावंच लागतं.

आणि कापूस? तो तर कधीच गेला होता. राज्यात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, केंद्रांवर बंड्यांच्या रांगा लागायच्या, माझं अर्धं बालपण बाबांबरोबर लाईनीवर आणि अर्धं मामाबरोबर त्या रांगेत गेलं. पण तिथून पुढं गठाणी ट्रकनं निघायच्या. ट्रक जिनाच्या दारात येतो, मूर्तिजापूरला खांदा बदलायला लागत नाही. ज्यासाठी लाईन टाकली ते सामान उतरून गेलं आणि माणसं बसून राहिली: कारंज्याला गुरुमंदिरात जाणारी, यवतमाळला तारखेला जाणारी, अंजनगावला केळी-पान घेऊन बसणारी. ज्यांना एसटीचं तिकीट जड जायचं ती. मी हे दुःखानं लिहीत नाही. मीही कृषी सेवा केंद्र टाकलं तेव्हा पहिलं खत ट्रकनंच आणलं.

आता काही वर्षं झाली, गाडी बंद आहे. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेजची घोषणा केली तेव्हा गावात पेढे वाटले होते. लाईनीवर आता बाभळी हातभर जाड झाल्यात. तिकडं वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेजचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. बाबांना मी कळंबला घेऊन गेलो, आधी चिंतामणीचं दर्शन आणि मग स्टेशन. देवळात ते पाच मिनिटं होते, स्टेशनावर पाऊण तास. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन खाली पाहत उभे. सिमेंटचे स्लीपर, खडीचा जाड थर, त्याखाली बाहेरून आणून टाकलेला मुरूम. "माती बदलली यायनं," म्हणाले. "आधी माती बदलली, मंग रूळ टाकला." त्यांनी हे अशा आवाजात म्हटलं की कौतुक आहे की तक्रार ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुतण्याकडेही सिमेंटचेच स्लीपर आहेत आणि चाबीच्या जागी स्प्रिंगसारखी वाकडी क्लिप, तिला तो पेंड्रोल म्हणतो. तीही सुटते, तीही ठोकावी लागते. ती लाईन आधी मीटरगेज होती. जोधपूरच्या महाराजांच्या रेल्वेनं ती सिंधमधल्या हैदराबादपर्यंत नेली आणि १९०० साली ती पूर्ण जोडली गेली. आपल्याकडे कापसासाठी फाटे निघाले तसे तिकडं मिठासाठी निघाले, पचपदऱ्याच्या मिठागरापर्यंत १८८७ मध्येच रूळ पोचले होते. फाळणीत लाईन मधोमध कापली गेली. गडरा नावाचं गाव पाकिस्तानात गेलं आणि त्या गावाचं स्टेशन, गडरा रोड, भारतात राहिलं. १९६५ च्या लढाईत पलीकडची वाट बंद झाली ती १८ फेब्रुवारी २००६ ला थार एक्सप्रेस सुरू होईपर्यंत. ऑगस्ट २०१९ पासून तीही बंद आहे. मुनाबावला रूळ फाटकापर्यंत जातात.

गडरा रोडचं पुतण्यानं गेल्या सप्टेंबरात सांगितलं. तिथं एक स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात १७ रेल्वे कर्मचारी तिथं मेले. दर वर्षी त्या तारखेला रेल्वेची माणसं जमतात, हार घालतात. तेव्हा त्यालाही जायला मिळालं.

बाबांनी विचारलं, "गँगमन होते का त्यात?"

"होते, आबाजी."

"नावं लिवली हायत?"

"लिवली हायत."

"मंग वाचून दाखव."

"फोटो काढला आबाजी, उद्या पाठवतो मोठेबाबांच्या फोनवर."

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर फोटो आला. बाबांना चष्म्यानंही नीट दिसेना, म्हणून मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. ते ऐकत होते आणि प्रत्येक नावाला मान हलवत होते, हजेरी घेतल्यासारखे. मधेच विचारलं, "मुकादम कोण होता त्यायचा?" ते त्या फोटोत लिहिलेलं नव्हतं.

परवा पुतण्यानं दुपट्टे मागवले. वाळू नाकातोंडात जाते, तिकडचे लोक डोक्याला मोठं पागोटं बांधतात, त्याला ते बांधता येत नाही. मी यवतमाळहून सुती चार दुपट्टे आणले, माझ्या बायकोनं जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले. बाबांनी आतून हातोडा आणला. हा सरकारी नव्हे, सरकारी त्यांनी रिटायर होताना मोजून जमा केला. हा त्यांनी दारव्ह्याच्या लोहाराकडून स्वतःच्या पैशानं घडवून घेतलेला, दांडा बाभळीचा, हात लागून लागून काळा गुळगुळीत झालेला. "तठी त्यायले नव्या टाइपचा देतात," मी म्हटलं. "त्यानं आवाज येते काय?" एवढं विचारून त्यांनी तो स्वतः दुपट्ट्यात गुंडाळला आणि डब्याच्या खाली ठेवला.

कुरिअरच्या काउंटरवर पोरानं वजन केलं आणि आकडा सांगितला. मी पार्सल पुन्हा उघडलं. हातोडा काढला, दुपट्टा नीट घडी करून परत ठेवला, पैसे दिले.

हातोडा सध्या दुकानात आहे, युरियाच्या थप्पीमागं. रात्री फोन येतो तेव्हा बाबा रोज विचारतात, पार्सल भेटलं का. पुतण्या म्हणतो, रस्त्यात असंन आबाजी. त्याला मी सांगून ठेवलंय.